गादीतून निघालेला वादळपक्षी

लातूरच्या भूकंपानंतर दोन वर्षं आम्ही पाच जण पत्र्याच्या एका शेडमध्ये राहिलो. अब्बा, अम्मी, मी आणि माझे दोन धाकटे भाऊ. गाव औसा तालुक्यात. अब्बा पिंजारी. खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव फिरायचं, लोकांच्या अंगणात बसून जुना कापूस पिंजायचा, गादी भरून द्यायची, हा त्यांचा धंदा. त्या पहाटे आमच्या घराची भिंत पडली, तिच्याखाली पिंजण गेली आणि अम्मीही गेली. अम्मी कमरेपर्यंत मातीत होती. सूर्य बराच वर आल्यावर तिला काढलं. ती वाचली, पिंजण मोडली.

पुढं सगळ्या देशातून मदत आली. घरटी चार-चार ब्लँकेटं मिळाली. लोकांचं भलं झालं, आमचा धंदा बसला. ज्या मुलखात प्रत्येकाच्या घरी ब्लँकेटांची चवड लागली आहे तिथं गादी कोण भरून घेणार? अब्बा सकाळी निघायचे आणि दुपारी तसेच परत यायचे. संध्याकाळची एक भाकरी आम्ही पाच जणांत कशी मोडायचो ते मला अजून आठवतं. सगळ्यात मोठा तुकडा कुणाचा यावरून भांडण व्हायचं आणि अम्मी म्हणायची, "जो रडंल त्याला बारका."

आणखी एक गोष्ट त्या पहाटे झाली. अम्मी छताखाली बसेनाशी झाली. पत्रा चालायचा, स्लॅब न्हाई. "पत्रा पडला तर डोकं फुटतंय, टाके घालता येतेत. स्लॅब पडल्यावर टाके कुणाला घालणार?" असं तिचं म्हणणं. लग्नाला गेली तर फाटकाशी बसायची, तिचं ताट तिथं आणून द्यावं लागायचं. डॉक्टरसुद्धा तिला ओट्यावर येऊन तपासायचे. घरात आम्ही दखनी बोलतो. इथं सगळं मराठीत लिहिते आहे, कारण मी मराठी घेऊन बी.ए. झाले आणि आमच्या खानदानात बी.ए. झालेली मीच पहिली.

शेवटी अब्बांनी गाव सोडलं. लातुरात डाळ मिलच्या मागं भाड्यानं एक शेड घेतलं. अम्मीनं आधी आत जाऊन वर बघितलं, पत्रा आहे याची खात्री केली आणि मग भांडी आत नेली.

लातुरात आमचं नशीब कोचिंग क्लासनं उघडलं. तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघत होते. जून लागला की नाशिक, जळगाव, परभणी, कुठून कुठून पोरं यायची, डॉक्टर-इंजिनियर व्हायला. एसटीतून उतरलेलं पोरगं आधी खोली बघायचं आणि मग गादी. एका खोलीत चार पोरं म्हणजे चार गाद्या. अब्बांनी पिंजायची मशीन घेतली आणि तीन बाय सहाची एकच साईझ धरली. "डॉक्टर कुणाला व्हायचं ते होऊ द्या," ते म्हणायचे, "झोपणार माझ्याच गादीवर."

दोन वर्षं अभ्यास करून पोरं गेली की त्यांच्या गाद्या परत यायच्या. त्या उसवायच्या, कापूस पिंजायचा, नव्या खोळीत भरायचा आणि पुढच्या जूनच्या पोरांना द्यायच्या. उसवायचं काम माझं. सातवीत असताना अशीच एक गादी मी उसवली, तर कापसात हात घातल्यावर टणक काहीतरी लागलं. पुस्तक होतं. क्लासच्या खोल्यांवर गोष्टीचं पुस्तक म्हणजे चोरीचा माल. सापडलं तर रेक्टर फाडायचे आणि वर घरी फोन जायचा. म्हणून त्या कुणा पोरानं खोळीची शिवण उसवून ते आत सारलं होतं आणि पुन्हा टाके घातले होते. टाके इतके वाकडे होते की अब्बा म्हणाले, "ह्यो सर्जन झाला तर अवघड हाय."

पाच भागांच्या मालिकेतला तो पहिला भाग होता. तळ्याच्या बुडाशी एक शहर असतं. तिथली एक मुलगी वर येते आणि तिला वादळपक्षी भेटतो. पंख पसरले की आभाळ झाकणारा. राजा गायब होतो, डोंगर चालतात, जमीन दुभंगते, दर दहा पानांना काहीतरी उडतं किंवा बुडतं. मी ते कापसाच्या ढिगावर बसून वाचलं. त्यानंतर मी प्रत्येक गादी अशी उसवायला लागले की अब्बांना वाटलं पोरीला धंद्याची गोडी लागली. तिसरा भाग पुढच्या वर्षी सापडला. दुसरा, चौथा आणि पाचवा कधीच सापडले नाहीत.

दहावीनंतर अब्बांना मला सायन्सला घालायचं होतं. मार्क तेवढे नव्हते. मी सरळ सांगितलं, "अब्बा, मला जमणार न्हाई. मला मराठी घ्यायचंय."

"मराठी? ते तर येतंय की तुला."

"पूर्ण शिकायचंय."

त्यांनी विचार केला. "शीक. पण पूर्ण शीक. अर्धी भरलेली गादी कुणी घेत न्हाई."

नांदेडला माझी खाला, अम्मीची बहीण, राहायची. तिच्याकडं राहून मी कॉलेज केलं. कॉलेजच्या लायब्ररीत पहिल्याच आठवड्यात मला त्या मालिकेचे पाचही भाग एका फळीवर दिसले. दुसरा भाग मी तिथंच फळीपाशी उभ्यानं वाचायला घेतला. राजा कुठं गेला हे कळायला मला चार वर्षं लागली होती.

शेवटच्या वर्षी गॅदरिंगच्या नाटकाची चर्चा निघाली. आमचे मराठीचे सर नाटक बसवायचे. मी उभी राहून म्हणाले की या पाच पुस्तकांचं नाटक करू. सगळे हसले. सरही हसले.

"पक्षी कसा उडवणार?"

"उडवू सर."

"तळ्यातलं शहर?"

"दाखवू."

"आणि जमीन दुभंगते ती?"

"सर, ते मी बघितलंय."

सर म्हणाले, "लिहून आण."

मी लिहून आणलं. पाच भागांतली एकशे बारा पात्रं चौदा केली. चालणारे डोंगर सोडून दिले, त्याचं मला अजून वाईट वाटतं. सरांनी लेखिकाबाईंना परवानगीसाठी पत्र पाठवलं. उत्तर पोस्टकार्डावर आलं. "जरूर करा. मात्र पक्षी उडाला नाही, तर माझं नाव लावू नका."

पडदे आणि कपडे भाड्यानं आणायचे असतात, हे बाकीच्यांना माहीत होतं. मला गादीच माहीत होती. मी सुट्टीत लातूरला गेले आणि अब्बांना सगळं सांगितलं. ते मशीन बंद करून ऐकत होते.

"म्हणजे तू कापूस आभाळात उडवून राहिली."

"हाव."

"कापूस गादीत घालायचा असतोय, पोरी. आभाळात आधीच हाय."

पण दुसऱ्या दिवशी तेच बांबूच्या कामट्या घेऊन बसले. गाद्यांच्या जुन्या पट्ट्यापट्ट्यांच्या खोळी उसवून त्यांनी पक्ष्याचे पंख शिवले, दाभणानं, गादीला घालतात तसे टाके घालून. पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीस फूट भरले. तो उचलायला सहा पोरं लागायची. दोन पुढं, दोन मागं, एकेक पंखाला. सगळी काळ्या कपड्यांत. तळं म्हणजे निळ्या रंगात बुडवलेल्या अकरा मच्छरदाण्या, एकामागं एक टांगलेल्या. त्यांतून माणूस चालत गेला की खरंच बुडाल्यासारखा दिसायचा. राजा गायब व्हायचा तो लेव्हलच्या, म्हणजे रंगमंचावर मांडलेल्या लाकडी चौथऱ्याच्या, मागं टाकलेल्या दोन गाद्यांवर. पाठमोरा पडायचा, आवाज यायचा नाही. ढगांसाठी पिंजलेला कापूस पंख्यासमोर सोडला, तेव्हा पहिल्या तालमीत सगळा दरबार ठसकत ठसकत बाहेर आला. राणीच्या नाकातून कापूस काढावा लागला. मग अब्बांनी कापूस जाळीच्या कापडात भरून ढग शिवून दिले, लोळवायचे तसे लोळवा म्हणाले.

आणि जमीन. लेव्हलच्या खाली ट्रकच्या ट्यूबा घातल्या, अर्धी हवा भरून. चार जणांनी खालून ढकललं की अख्खा रंगमंच डुलायचा. दोन्ही बाजूंनी पत्रे खडखडवायचे, रिकामी पिंपं बडवायची, वर स्पीकर. खालून ढकलणाऱ्या चौघांत मी होते.

नांदेडात नाटक असं झालं की जमीन दुभंगल्यावर पोरांनी वन्स मोअर मागितला. असला वन्स मोअर मी ऐकला नव्हता. आम्ही पुन्हा दुभंगवली. पक्षी प्रेक्षकांच्या डोक्यावरून मागच्या दारापर्यंत गेला आणि परत आला. लेखिकाबाईंचं नाव लावलं.

अब्बा पहिल्या रांगेत होते. अम्मी कॉलेजच्या आवारात लिंबाखाली. वर टाळ्या झाल्या की ती खाली विचारायची, "आता काय झालं?" आणि कुणीतरी शिपाई तिला सांगायचा. पदवी घ्यायच्या दिवशीही तसंच. मी सभागृहातून धावत बाहेर आले, कागद तिच्या हातात दिला, तिनं तो उन्हात धरून बघितला. तेव्हा मी मनाशी ठरवलं की एकदा तरी हिला आत बसवीन. मी केलेलं काहीतरी तिनं स्वतःच्या डोळ्यांनी, जागेवर बसून, शेवटपर्यंत बघायचं. मला दुसरं काही नको होतं.

लातूरला परत येऊन मी एका क्लासमध्ये मराठी शिकवायला लागले. फिजिक्सच्या सरांना एसी केबिन, मराठीला जिन्याखालची खोली. पण मी शिकवत होते, आणि गल्लीतले लोक अब्बांना "मॅडमचे वडील" म्हणत होते. अब्बांनी ते कधी सुधारलं नाही.

क्लासच्या स्नेहसंमेलनाला मी हे नाटक करू म्हटलं. संचालकांनी विचारलं, "मॅडम, याचा किती मार्कांना उपयोग?"

"शून्य, सर."

"मग करायचं कशाला?"

"पोरं वर्षभर एका खोलीत कोंडून बसतेत. त्यांनी गादीत पुस्तकं लपवून ठेवलीत. मी उसवून बघितलंय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि एक दिवस दिला. आपला मुलगाही असलंच काही वाचतो असं नंतर हळूच म्हणाले.

नट म्हणून क्लासचीच पोरं घेतली, अर्धी लातूरची, अर्धी बाहेरगावची. पंख नांदेडहून एसटीच्या टपावरून आले. अब्बांनी ढग नव्यानं भरले. तालमीत जमीन नुसती मोजून हलवायचो. "एक-दोन-तीन, पडा," एवढंच. पत्रे आणि पिंपं सभागृहात प्रयोगाच्याच दिवशी आली. ती पूर्ण आवाजात वाजवून बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी बघायला हवं होतं. नांदेडात चाललं म्हणजे लातुरात चालेल असं मी धरलं, आणि मी लातूरची.

आता मी मॅडम होते, खालून ढकलायला मला कोण जाऊ देणार? संचालकांच्या शेजारी खुर्चीवर बसले. अम्मी सभागृहाच्या बाहेर पायरीवर, मांडीवर भुईमुगाच्या शेंगा घेऊन.

पहिला तास झकास गेला. मग दुभंगण्याचा प्रवेश आला. दिवे गेले. पत्रे वाजले, पिंपं वाजली, स्पीकरनं खुर्च्या थरथरल्या आणि रंगमंच डुलला.

पुढच्या दहा रांगा उठल्या. पालक, सर लोक, शिपाई, संचालक. कुणी ओरडलं नाही. लातूरची माणसं ओरडत बसत नाहीत, थेट दार धरतात. रंगमंचावरून मुकुटासकट राजा पळाला. पक्ष्याची पुढची दोन पोरं लातूरची होती, ती पळाली. मागची दोन जळगावची, ती तिथंच उभी राहून पंख हलवा म्हणून ओरडत राहिली. आणि मी, जिनं स्वतःच्या हातानं वहीत "आता जमीन हादरते" असं लिहिलं होतं, ती संचालकांना कोपरानं बाजूला सारून पायऱ्या उतरत होते.

बाहेर सगळे धापा टाकत उभे. वर बघतायत, कुठली भिंत पडते का. त्या सगळ्यांत अम्मी एकटी बसलेली, शेंगा सोलत. तिनं राजाला बघितलं, अर्ध्या पक्ष्याला बघितलं, मला बघितलं.

"काय ग मॅडम, कुठं निघाला?"

आतून टाळ्यांचा आवाज आला. बाहेरगावची पोरं अजून खुर्च्यांवरच होती. अर्धे प्रेक्षक पळून गेले हाही नाटकाचाच भाग, असं त्यांना वाटलं होतं.

अम्मी हसायला लागली. आधी पदराआड, मग उघड. ती इतकी हसली की राजा खाली बसला आणि तोही हसायला लागला. त्यानंतर संचालक. "मॅडम, तुमची कोपरं लई टोकदार हायेत," ते बरगडी धरून म्हणाले. मी मात्र रडत होते. नाटक तिथंच थांबलं होतं.

घरी आल्यावर अम्मीनं विचारलं, "नांदेडात पळाली होतीस का?"

"न्हाई."

"का?"

"तिथं मीच हलवत होते. खालून."

तिनं पदरात आणलेली शेंगांची टरफलं चुलीपाशी ओतली. मग म्हणाली, "तुम्ही चुकीचं हलवून राहिले. एवढा आवाज आधी कुठं आला? आधी फळीवरचे गिलास वाजले. बारीक. मला वाटलं मांजर हाय. मग बल्ब हलला. मी बल्बाकडंच बघत होते. बाकी सगळं त्याच्यानंतर."

इतक्या वर्षांत त्या पहाटेबद्दल ती पहिल्यांदा बोलली होती. अब्बांनी मशीन बंद केली.

"पुन्हा कर नाटक," ती म्हणाली. "पत्रे नको. गिलास टांग, एक बल्ब टांग, त्याला दोरी बांध."

"आणि दोरी कोण ओढणार?"

"मी."

"अम्मी, दोरी आत असती. स्लॅबखाली."

"मला कळतंय कुठं असती. दोरी माझ्या हातात असंल तर मला ठाऊक राहील ना, कोण हलवून राहिलं ते. दुसऱ्या कुणाच्या हातात दिली तर मी पायरीवर."

संचालकांनी दुसरा दिवस दिला. खरं तर पोरांनीच मागून घेतला. बाहेरगावच्या पोरांना वाटत होतं की पुन्हा सगळे पळणार. अब्बांनी रंगमंचाच्या कडेला, विंगेत, एक गादी अंथरली, तिच्यासाठी नवी भरलेली, आणि दाराकडं तोंड करून ठेवली, हवं तर उठता यावं म्हणून. अम्मी आली. उंबऱ्यावर थांबली, वर बघितलं. ती आत आली, गादीवर बसली, दोरी मनगटाला दोनदा गुंडाळली. मग उठून गादी रंगमंचाकडं फिरवली आणि पुन्हा बसली.

नाटक सुरू व्हायच्या आधी मी प्रेक्षकांना सांगितलं, "या नाटकात जमीन हलणार आहे. ती माझी आई हलवणार आहे. काही काळजी करू नका."

दुभंगण्याचा प्रवेश आला. दिवे मंद झाले. मी समोरच्या विंगेत गिलासांची दोरी धरून उभी होते. मी ती हलकेच हलवली. सहा गिलास, बारीक किणकिण. मग मधोमध टांगलेला बल्ब झोका घ्यायला लागला. आधी बोटभर, मग वीतभर. राजाची, राणीची, सगळ्यांची सावली भिंतीवर इकडून तिकडं सरकत होती. पत्रा नाही, पिंप नाही. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं शेजारणीचा हात धरलेला मला दिसला. कुणी उठलं नाही. मी समोर अम्मीकडं बघितलं. ती बल्बाकडं बघत होती आणि दोरी ओढत होती, शांतपणे, झोळीतल्या लेकराला झोका द्यावा तशी. मग तिनंच दोरी हळूहळू आवरली आणि बल्ब थांबला.

तेव्हा टाळ्या झाल्या. बाहेरगावची पोरं जरा नाराज होती.

त्यानंतर वादळपक्षी निघाला, पुढचा आणि मागचा भाग एकत्र, पट्ट्यापट्ट्यांचे पंख पसरून सगळ्यांच्या डोक्यावरून. अब्बा शेजारच्याला सांगत होते, "तो डावा पंख हाय ना, ती नाशिकच्या एका पोराची गादी. आता डॉक्टर हाय तो."

पाच पुस्तकांचं नाटक दोन तास वीस मिनिटं चाललं. जमीन हलली, पक्षी उडाला, लेखिकाबाईंचं नाव लावलं. आणि माझी अम्मी पहिल्या घंटेपासून पडदा पडेपर्यंत स्लॅबखाली बसली.